क्षमा कोणी करावयाची?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पर्युषण व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी ‘क्षमा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी शास्त्राभ्यासी नाही. बी.कॉम.चा निकाल लागला त्याच आठवड्यात वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसविले, तो आजतागायत तेथेच बसलो आहे. क्षमेविषयी साधु-साध्वीजींच्या मुखातून या सभागृहाने गेली पन्नास वर्षे जे ऐकले, त्यात एका कापड व्यापाऱ्याने भर ती काय घालावयाची? परंतु मागील वर्षी घरात घडलेल्या एका संभाषणाने मला अस्वस्थ केले आहे. ती अस्वस्थता आपणांपुढे मांडावी, एवढ्याच हेतूने उभा आहे.

माझी नात कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रात्री जेवण झाल्यावर तिने आपल्या अभ्यासातील एक खटला मला सांगितला. नऊ वर्षांच्या एका मुलाला सशस्त्र टोळीने शाळेच्या वाटेवरून पळवून नेले. त्याला मारून-मुटकून सैनिक बनविले. तो तेथेच वाढला, टोळीचा एक प्रमुख झाला आणि त्याच्या हुकमाने कित्येक निरपराध माणसे मारली गेली. “आजोबा, याला शिक्षा करावी की क्षमा?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “क्षमा. बिचाऱ्याचा दोष काय?” ती म्हणाली, “पण तुम्ही कोणाच्या वतीने क्षमा करता आहात?”

मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी त्या खटल्याविषयी मिळेल ते वाचले. काही तिने आणून दिले, काही समजावून सांगितले.

ही हकीकत उत्तर युगांडातील आहे. युगांडा म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांना इदी अमीन आठवेल. १९७२ साली त्याने तेथील भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले होते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ च्या सुमारास, त्या देशाच्या उत्तरेकडील अचोली लोकांच्या प्रदेशात जोसेफ कोनी नावाच्या माणसाने सरकारविरुद्ध बंड उभारले. त्याच्या टोळीला पुढे ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ हे नाव मिळाले. आपल्या अंगात आत्मे संचारतात आणि तेच आपल्याला आज्ञा देतात, असे तो सांगत असे. त्याला लढण्यासाठी माणसे मिळेनात, तेव्हा त्याने खेड्यांतून मुले पळविण्यास प्रारंभ केला. पळविलेल्या मुलांची संख्या वीस हजारांहून अधिक असावी, असे अंदाज आहेत. मुलांना टोळीत बांधून ठेवण्याची त्याची रीत ऐकवत नाही. पळून जाऊ पाहणाऱ्या मुलाला पकडून आणावयाचे आणि त्याच्याच सोबत्यांकडून त्याला ठार मारवून घ्यावयाचे. एकदा हाताला रक्त लागले की मूल स्वतःच समजते, आता घराचे दार आपल्याला बंद झाले. दोरखंडाची गरज उरत नाही.

पुढे पुढे तर खेड्यांतील हजारो मुले संध्याकाळ होताच अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत गुलू शहरात येत, बसस्थानकाच्या किंवा दवाखान्याच्या ओसरीवर निजत आणि उजाडताच परत जात. झोपेत कोणी उचलून नेऊ नये, एवढ्यासाठी ही पायपीट. युद्धाच्या ऐन भरात सुमारे अठरा लाख माणसे घरदार सोडून छावण्यांत राहत होती.

खटल्यातील आरोपीचे नाव डॉमिनिक ऑंगवेन. न्यायालयाने मान्य केल्याप्रमाणे १९८७ साली शाळेत जाताना त्याला पळविण्यात आले. तो पळून आला नाही. काहींना पळता आले, त्याला आले नाही, किंवा पुढे त्याने पळण्याचे मनात आणले नाही. येथेच साऱ्या वादाचे मूळ आहे. २००४ च्या सुमारास तो टोळीच्या एका ब्रिगेडचा सेनापती होता. पाजुले, ओडेक, लुकोडी आणि अबोक या चार ठिकाणच्या निर्वासितांच्या छावण्यांवर झालेल्या हल्ल्यांसाठी त्याला जबाबदार धरण्यात आले. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे ओडेकला किमान ५२, लुकोडीला किमान ४८, अबोकला किमान २८ आणि पाजुलेला किमान ४ नागरिक मारले गेले. पळवून आणलेल्या मुलींना त्याने बळजबरीने ‘पत्नी’ म्हणून ठेवले. आणि त्याने पंधरा वर्षांखालील मुले पळवून आणून सैनिक केली. माझे वाचन या ठिकाणी थांबले. त्याच्याबाबतीत जे झाले, तेच त्याने दुसऱ्या आईच्या मुलाबाबतीत केले.

जानेवारी २०१५ मध्ये तो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात शरण आला आणि त्याला हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेण्यात आले. आरोप ७० होते. सुनावणीच्या प्रारंभी त्याने सांगितले की हे आरोप टोळीवर असू शकतील, माझ्यावर नव्हेत. टोळी म्हणजे कोनी. त्याच्या वकिलांनी म्हटले की हा माणूस मनाने कधी मोठा झालाच नाही, कोनीच्या दहशतीखाली आणि त्याच्या आत्म्यांच्या भयाखाली तो वागला. न्यायाधीशांनी ते स्वीकारले नाही. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी ६१ आरोप सिद्ध ठरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात २५ वर्षांची शिक्षा झाली. जन्मठेप देता आली असती, ती दिली नाही. त्याचे हिरावलेले बालपण शिक्षा ठरविताना जमेस धरले. एका न्यायाधीशांच्या मते ३० वर्षे योग्य होती. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला आणि पुढील वर्षी त्याला शिक्षा भोगण्यासाठी नॉर्वेला पाठविले.

येथे कायद्याची एक बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण माझाही प्रथम गैरसमज झाला होता. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या कोणावरही हे न्यायालय खटला चालवूच शकत नाही. म्हणजे ऑंगवेनने बालवयात जे केले, त्याबद्दल त्याच्यावर आरोप नव्हता; आरोप २००२ ते २००५ या काळातील कृत्यांचे होते. सिएरा लिओन या देशातील युद्धानंतर जे विशेष न्यायालय नेमले गेले, त्याला पंधरा वर्षांवरील मुलांवर खटले भरण्याचा अधिकार होता. तथापि तेथील सरकारी वकील डेव्हिड क्रेन यांनी एकाही मुलावर खटला भरणार नाही असे जाहीर केले आणि ते पाळले. त्या युद्धातील टोळ्यांना बळ देणारे शेजारच्या लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना मात्र त्याच न्यायालयाने २०१२ साली ५० वर्षांची शिक्षा दिली.

आपल्या परंपरेत पापाचा विचार करताना करणे, करविणे आणि अनुमोदणे असे तीन भेद सांगितले आहेत. बालसैनिकाच्या प्रश्नाकडे पाहताना मला या तीन शब्दांचा फार उपयोग झाला. बंदूक मुलाच्या हातात, करविणारा दूर झाडाखाली बसलेला आणि अनुमोदन देणारे त्याहून दूर. सुदानच्या तत्कालीन सरकारने या टोळीला शस्त्रे आणि आश्रय दिला होता, हे सर्वश्रुत आहे. जग मात्र प्रथम हात पाहते, कारण तोच दिसतो. स्वतः कोनीवरील वॉरंट २००५ सालचे. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोपनिश्चितीची सुनावणी झाली तीदेखील त्याच्या गैरहजेरीत, कारण वीस वर्षांत तो हाती लागला नव्हता.

दरम्यान युगांडाच्या संसदेने २००० सालीच माफीचा कायदा केला होता. जो शस्त्र खाली ठेवील आणि बंड सोडील, त्याच्यावर खटला नाही. अचोली समाजाच्या धर्मगुरूंनी, तेथील बिशप आणि मौलवी यांनी एकत्र येऊन या कायद्यासाठी फार खटपट केली. त्यांचे म्हणणे सरळ होते: जंगलात आहेत ती आमचीच मुले आहेत, फाशीचे भय दाखवाल तर ती परत कशी येतील? सव्वीस हजारांहून अधिक बंडखोरांनी, त्यांत इतर टोळ्यांचेही होते, या माफीचा लाभ घेतला. व्यवहारात कायद्याने मुले परत आणली, याविषयी शंका नाही.

पण व्यापाऱ्याच्या नजरेला त्यात एक गोष्ट खटकते. केनेथ बान्या हा टोळीतील वरिष्ठ ब्रिगेडियर २००४ मध्ये पकडला गेला आणि त्याला माफी मिळाली. थॉमस क्वोयेलो याला १९८७ मध्ये, बारा-तेरा वर्षांचा असताना, शाळेच्या वाटेवरूनच पळविले होते. तो हुद्द्याने बान्याहून कनिष्ठ. २००९ मध्ये तो पकडला गेला, त्यानेही माफीचा अर्ज केला, पण तो मान्य झाला नाही. पंधरा वर्षे तो कोठडीत राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये युगांडाच्याच न्यायालयाने त्याला ४० वर्षांची शिक्षा सुनावली. एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांना दोन भाव लावले तर आपण दुकानदाराला काय म्हणतो? सरकारने दिलेली माफी ही शेवटी सरकारची सोय असते. तिला क्षमा म्हणण्याची मला भीती वाटते.

आता अचोली लोकांची स्वतःची रीत ऐका. परत आलेल्या मुलाला घरात घेण्यापूर्वी त्याला एका अंड्यावर पाय देऊन ते फोडावयास लावतात. अंड्याचे नाव काढताच समोर काहींच्या कपाळाला आठी पडलेली दिसते, ती मी समजू शकतो. परंतु त्यामागील भाव पाहा: अंडे म्हणजे निष्कलंक, अजून बाहेरचे काही न शिवलेले. जवळच धान्याच्या कणगीचे झाकण उचलण्याची काठी ठेवलेली असते. जेथे तू पूर्वी जेवत होतास तेथेच तू आलास, हा तिचा अर्थ. हा झाला घरात घेण्याचा विधी. खून झाला असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे ‘मातो ओपुत’ नावाचा वेगळा विधी आहे. प्रथम मारणाऱ्याने आणि त्याच्या कुळाने कृत्य कबूल करावयाचे, मग मृताच्या कुळाला भरपाई द्यावयाची आणि त्यानंतर दोन्ही पक्षांनी ओपुत वृक्षाच्या मुळीचा कडू रस एकाच भोपळ्यातून प्यावयाचा. त्यात पशूचा बळीही दिला जातो. ते आपल्याला कदापि मान्य होणार नाही. पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कबुली आधी, भरपाई नंतर आणि कडू घोट सर्वांत शेवटी, तोही दोघांनी. आपल्या प्रायश्चित्ताच्या दहा प्रकारांतही पहिले स्थान आलोचनेलाच आहे.

क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हे मला अँजेलिना अत्याम या बाईंच्या चरित्रातून समजले. १० ऑक्टोबर १९९६ रोजी अबोके येथील मुलींच्या शाळेतून टोळीने १३९ मुली पळविल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले या पायी त्यांच्या मागावर गेल्या आणि सेनापतीशी बोलणी करून १०९ मुली सोडवून आणल्या. तीस मुली मागे राहिल्या. त्यांत अत्यामबाईंची मुलगी होती. बाईंनी इतर पालकांना जमवून संघटना उभारली, देशोदेशी आवाज उठविला. तेव्हा टोळीकडून निरोप आला की तुम्ही बोलणे थांबवा, तुमची मुलगी परत देतो. त्यांनी उत्तर दिले की साऱ्या मुली सोडत असाल तर. एकट्या आपल्या मुलीचा सौदा त्यांनी नाकारला. आणि याच बाईंनी आपली मुलगी ज्या बंडखोराच्या ताब्यात होती त्याच्या आईचा शोध घेतला, तिला भेटून सांगितले की मी तुझ्या मुलाला क्षमा केली आहे. मुलगी तेव्हा परत आलेली नव्हती. ती २००४ मध्ये सुटून आली. अत्यामबाईंनी क्षमा केली ती स्वतःच्या वाट्याच्या दुःखापुरती. उरलेल्या एकोणतीस आयांच्या वतीने त्या बोलल्या नाहीत. मी मात्र जेवणानंतर पाटावर बसून ओडेक, लुकोडी आणि अबोक या साऱ्यांच्या वतीने क्षमा करून टाकली होती.

पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन आपण दरवर्षी ऐकतो. त्यातील अर्जुनमाळ्याची कथा लहानपणापासून माहीत असूनही तिचा हा पैलू माझ्या ध्यानात आला नव्हता. सहा गुंडांनी त्याला बांधून त्याच्या पत्नीवर अत्याचार केला, त्याने यक्षाचा धावा केला, यक्ष त्याच्या अंगात शिरला आणि त्यानंतर रोज सहा पुरुष आणि एक स्त्री याप्रमाणे पाच महिने तेरा दिवस हत्या होत राहिली. ११४१ जीव. हात अर्जुनाचा, बळ यक्षाचे. सुदर्शन श्रावकाच्या निर्भय ध्यानापुढे यक्ष निघून गेला आणि अर्जुन भानावर आला. भगवान महावीरांनी त्याला दीक्षा दिली, अव्हेरले नाही. परंतु दीक्षा घेऊन तो कोठे दूरदेशी गेला नाही. त्याच राजगृहात तो गोचरीसाठी हिंडला. ‘याने माझ्या बापाला मारले, याने माझ्या बहिणीला मारले’ म्हणत लोकांनी शिव्या दिल्या, मारले. कोठे अन्न मिळाले तर पाणी नाही, पाणी मिळाले तर अन्न नाही. त्याच्याजवळ अतिशय खरी सबब होती: मी नव्हतो, यक्ष होता. ती त्याने एकदाही पुढे केली नाही. आणि राजगृहाच्या लोकांना ‘आता राग सोडा’ असे कोणी सांगितल्याचे कथेत नाही.

ऑंगवेनला मी अर्जुनमाळ्याच्या तराजूत तोलावे, हे कदाचित अन्यायाचे होईल. त्याच्या अंगातील यक्ष कोणत्या दिवशी गेला? अठराव्या वाढदिवशी जंगलात त्याच्याकडे कोणी सुदर्शन आला नव्हता. कायद्याला एक रेषा ओढावी लागते, ती तो तारखेवर ओढतो. मनाच्या आत अशी तारीख नसते. हे मान्य करूनही मी न्यायालयाच्या बाजूचा झालो आहे. ज्या दिवशी त्याने दुसऱ्याचे मूल शाळेच्या वाटेवरून उचलण्याचा हुकूम दिला, त्या दिवशी त्याच्या नावाने स्वतंत्र खाते उघडले गेले. त्याचे बालपण त्या खात्यात जमा बाजूला लिहावेच लागेल, न्यायाधीशांनी ते लिहिलेही. पण जमा आहे म्हणून नावे बाजू कोरी ठेवता येत नाही. आणि जो अजून मूलच आहे, त्याला पिंजऱ्यात उभे करू नये, याविषयी मला किंचितही शंका नाही. त्याला घरी आणावे, आणि जे झाले ते बोलून दाखवावयास कोणीतरी त्याच्यापाशी बसावे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो, याचे कारण आफ्रिकेत नाही. ते माझ्या दुकानात आहे आणि ते सांगितल्याखेरीज येथून खाली उतरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९८७-८८ मधील दिवाळीची गोष्ट. दुकानात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा तागे उचलून देण्यास आणि चहा-पाण्यास होता. त्या वयाची मुले तेव्हा बाजारपेठेत सर्रास कामाला असत. त्यात काही चूक आहे, असे आम्हांला वाटत नसे. एका संध्याकाळी त्याच्या पिशवीत ब्लाउजपीस आणि कटपीस सापडले. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्या श्रीमुखात भडकावली आणि त्याला हाकलले. तो काउंटरवरील जुन्या सेल्समनकडे पाहत राहिला, तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, पायरीवर बसून रडली. मी गल्ल्यावरून उठलो नाही. सेल्समनविषयी मला तेव्हाच संशय आला होता. परंतु दिवाळीचा सीझन होता, अर्धे गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे होते. चार-पाच वर्षांनी नोकरी सोडताना त्याने आपणहून सांगितले की तो माल मीच त्या मुलाकडून बाहेर नेववत होतो. नाही म्हणालास तर नोकरी घालवीन असा धाक घातला होता. मी त्याला म्हणालो, “झाले गेले विसरून जा.” करविणाऱ्याला मी क्षमा केली आणि हाताला शिक्षा दिली. तीही क्षमा माझी नव्हतीच. ज्याच्या गालावर वळ उठले तो तेथे नव्हता.

नंतर त्यांच्या चाळीत गेलो. कुटुंब खोली सोडून गेले होते. दर संवत्सरीला मी शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. पूर्वी छापील कार्डे पाठवीत असे, आता मोबाईलवर एका बोटाने जाते. त्या यादीत तो नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगच्या न्यायालयाने ऑंगवेनच्या खटल्यातील सुमारे पन्नास हजार पीडितांसाठी ५.२४ कोटी युरोंची भरपाई ठरविली. प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक, उरलेली रक्कम उपचार, पुनर्वसन आणि स्मारकांसाठी. ऑंगवेनजवळ काहीच नसल्याने ही रक्कम पीडितांसाठीच्या निधीने देणग्यांतून उभी करावयाची आहे. नातीने हे सांगितले तेव्हा मी तिला दुकानातील ही हकीकत प्रथमच सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आजोबा, तुम्ही दुसऱ्यांदा कधी शोधले?”

दुसऱ्यांदा शोधलेच नव्हते. गेल्या काही महिन्यांपासून शोधतो आहे. जुन्या धान्यबाजारामागे दोन चाळी होत्या, त्यांतील मागच्या चाळीत ते कुटुंब राहत असे. आई घरोघरी धुणी-भांडी करीत असे. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या वर्षांत त्या कामाला असतील, किंवा त्या चाळीतील कोणी आपल्या परिचयाचे असेल, तर कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. मुलाचे नाव मी येथे माईकवरून घेणार नाही, एकदा त्याचा चारचौघांत अपमान केला आहे. मी बाहेर चपलांच्या स्टँडजवळ थांबतो.